माळवदाचे ओझे

विज्ञानाच्या प्रयोगशाळेत काही प्रयोग असे असतात की, त्यांच्याकडे विद्यार्थी केवळ गुणांसाठी पाहतात आणि शिक्षक केवळ वेळापत्रकासाठी. स्प्रिंगला वजन टांगावयाचे, ते थोडे खाली ओढून सोडावयाचे, वीस झोके मोजावयाचे, लागलेल्या वेळेला विसाने भागावयाचे आणि आलेला आकडा वहीत उतरवावयाचा. झाला प्रयोग! परीक्षक तोंडी परीक्षेत विचारतो, "दोलनकाल कशावर अवलंबून असतो?" विद्यार्थी पाठ केलेले सूत्र म्हणतो आणि दोघेही पुढच्या टेबलाकडे वळतात.

हा प्रयोग आम्ही वर्षानुवर्षे घेतला तो उमरगा तालुक्यात. आमचे बालपण वसईचे. कौलारू घर, अंगणात केळी आणि विहिरीवरच्या रहाटाचा आवाज. नोकरीच्या निमित्ताने १९९६ साली आम्ही सोलापूर-हैदराबाद महामार्गाच्या बाजूच्या ह्या काळ्या जमिनीच्या मुलुखात येऊन दाखल झालो. जिल्ह्याचे नाव त्या वेळी उस्मानाबाद होते. २०२३ पासून ते अधिकृतपणे धाराशिव झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपाला तेव्हा तीनच वर्षे लोटली होती. जग त्याला किल्लारीचा भूकंप म्हणते, कारण लातूर जिल्ह्यातील किल्लारी गाव त्यात जमीनदोस्त झाले. परंतु आमच्या बाजूच्या सास्तूरसारख्या गावांचीही तीच गत झाली होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा घरी आली आणि निजली. मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात सांगितला जातो. काही गणनांमध्ये तो त्याहूनही बराच मोठा आहे. आमच्या वर्गात बसणारी मुले त्या पहाटे दहा-बारा वर्षांची होती. स्प्रिंगच्या प्रयोगाचा आणि त्या पहाटेचा काही संबंध असेल, हे त्यांच्याप्रमाणे आमच्याही ध्यानीमनी नव्हते.

प्रथम प्रयोगाविषयी सांगावयास हवे. आमच्या प्रयोगशाळेतील स्प्रिंग शंभर ग्रॅम वजनाला पाच सेंटिमीटर ताणली जाई. दोनशे ग्रॅम टांगले की वीस झोक्यांना तेरा सेकंद लागत. आता विद्यार्थ्याला विचारावे, वजन चौपट केले तर वेळ किती होईल? दहापैकी आठजण 'चौपट' म्हणतात. आठशे ग्रॅम टांगून मोजले, तर साडेपंचवीस सेकंद येतात. म्हणजे जवळजवळ दुप्पट. वजन चौपट, काल दुप्पट. नऊपट केले असते तर तिप्पट. हा वर्गमुळाचा संबंध पुस्तकातून पटत नाही, हाताने मोजल्यावर पटतो. एखादी चिकित्सक मुलगी विचारतेच, "बरोबर सव्वीस का नाही आले, सर?" तिचे उत्तर स्प्रिंगमध्येच दडलेले असते. स्प्रिंगलाही स्वतःचे वजन असते आणि तीही हालत असते. मात्र तिचे वरचे टोक स्थिर व खालचे चपळ, म्हणून तिच्या वस्तुमानाचा एकतृतीयांश भागच हिशेबात धरावा लागतो. तो धरला की आकडे नीट जुळतात.

दुसरी गोष्ट ताठरतेची. दोन सारख्या स्प्रिंगा शेजारी शेजारी लावून त्यांना ते आठशे ग्रॅम टांगले की भार विभागला जातो, ताठरता दुप्पट होते आणि वीस झोके अठरा सेकंदांत उरकतात. त्याच दोन एकीखाली एक जोडल्या तर जोडी मवाळ होते, झोका संथ होतो. सूत्र एवढेच सांगते: वस्तुमानाला ताठरतेने भागा, वर्गमूळ काढा आणि त्याला 'पाय'च्या दुपटीने गुणा. वस्तुमान वाढले की झोका मंद, ताठरता वाढली की झोका जलद. स्प्रिंगची ओढ ताणाच्या प्रमाणात असते, हा ह्या सगळ्यामागचा नियम रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली उघडपणे मांडला. त्याआधी दोन वर्षे त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापून ठेवला होता, दुसऱ्या कोणी श्रेय घेऊ नये म्हणून! शास्त्रज्ञही शेवटी माणसेच.

तिसरी गोष्ट मात्र मुलांना मुळीच पटत नसे. वजन दोन सेंटिमीटर ओढून सोडा किंवा चार सेंटिमीटर ओढून सोडा, वीस झोक्यांना लागणारे सेकंद तेरा ते तेराच. "सर, जास्त ओढलं तर जास्त लांब जावं लागतं. मग टाइम जास्त लागायला पाहिजे," असा त्यांचा बिनतोड वाटणारा युक्तिवाद. त्यावर आम्ही म्हणत असू, "जास्त ओढलंस तर स्प्रिंगही तुला तितक्याच जोरानं परत खेचते ना? वाट दुप्पट, वेगही दुप्पट." अर्थात ह्यालाही मर्यादा आहे. स्प्रिंग वजनाने जितकी लोंबली त्याहून अधिक ओढून सोडली की वरच्या टोकाला ती सैल पडते, वजन उडी घेते आणि नियम तेथेच थांबतो.

लंबकाशी तुलना केल्यावाचून हा प्रयोग पूर्ण होत नाही. पिसा येथील कॅथीड्रलमध्ये टांगलेला दिवा हालताना पाहून गॅलिलिओला लंबकाचा नियम सुचला, ही कथा आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. कथा गोड आहे; मात्र तेथे दाखविले जाणारे झुंबर त्या कथेतील १५८३ ह्या सालानंतर बसविलेले आहे, हेही जाता जाता सांगून टाकतो. लंबकाला वजनाशी कर्तव्य नसते. झोळीत तान्हे बाळ असो की चार वर्षांचे दांडगे पोर, दोरी तेवढीच तर झोका जवळपास तेवढाच. स्प्रिंगला टांगलेल्या पाळण्याचे तसे नाही. बाळ अंग धरू लागले की पाळण्याची लय मंदावते. गंमत अशी की, बाळाला ठेवल्यावर स्प्रिंग पंचवीस सेंटिमीटर खाली आली, तर वजनकाटा न वापरता व घड्याळ न पाहता सांगावे की पाळण्याचा एक झोका एका सेकंदाचा आहे. पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या लंबकाचाही तोच काल असतो. अंतराळात जेथे वजन जाणवतच नाही, तेथे स्प्रिंगची ही वजनाची जाण उपयोगी पडली. १९७३ साली स्कायलॅब ह्या अंतराळस्थानकात अंतराळवीर स्प्रिंगच्या खुर्चीत बसून झोके घेत आणि झोक्याच्या कालावरून आपले वस्तुमान ठरवीत.

प्रयोगाचे टेबल आवरण्यापूर्वी आम्ही मुलांना आणखी एक खेळ करावयास लावीत असू. त्यात मोजमाप काही नाही. स्प्रिंगचे वरचे टोक हातात धरावे आणि हात सावकाश वर-खाली करावा. वजन हाताबरोबर मुकाट्याने वर-खाली जाते. मग हात खूप भरभर हालवावा. वजन जवळजवळ जागच्या जागी थांबते, जणू त्याला हाताची खबरच नाही. आणि मग वजनाची जी स्वतःची लय, नेमक्या त्या लयीत हात हालवावा, अगदी बोटभर. चार-पाच झोक्यांतच वजन असे उसळते की पोरे खाली वाकून पाय मागे घेतात.

वजन जागच्या जागी थांबते, त्या गुणावर भूकंपमापक यंत्र उभे आहे. सगळी जमीन हालत असताना ती हालली हे सांगण्यासाठी काहीतरी न हालणारे हवे. ते काम संथ लयीच्या जड वजनाने करावयाचे. १९०९ साली अमेरिकेतील जेझुइट महाविद्यालयांनी भूकंपमापकांची एक साखळी उभारली. तीत जर्मन शास्त्रज्ञ वीशर्ट ह्यांच्या धर्तीची यंत्रे होती: खाली टेकू, वर ऐंशी किलोंचे वजन आणि ते तोलून धरणाऱ्या स्प्रिंगा. १९२५ साली ह्याच मंडळींनी आपली रीतसर संघटना स्थापिली. त्यांच्या कामाचा व्याप एवढा की, भूकंपशास्त्राला त्या काळी 'जेझुइट शास्त्र' असे नावच पडले होते. धर्मगुरूंनी तळघरात बसून पृथ्वीचे हुंकार टिपावेत, ह्याचे आम्हांला आजही कौतुक वाटते.

वजन उसळते, त्या गुणाची किंमत मेक्सिको शहराने १९ सप्टेंबर १९८५ रोजी चुकविली. भूकंपाचा उगम दूर, पॅसिफिकच्या किनाऱ्याकडे, साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर. परंतु शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला. त्या गाळाची स्वतःची लय सुमारे दोन सेकंदांची. तो त्या लयीत हिंदकळू लागला आणि त्या लयीच्या आसपास झुलणाऱ्या इमारती, म्हणजे साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या, सर्वाधिक कोसळल्या. बसकी जुनी घरे पुष्कळ ठिकाणी उभी राहिली. इमारतीचा झोका किती, ह्याचा ढोबळ अंदाज करावयाचा तर दर मजल्याला सेकंदाचा दहावा हिस्सा धरतात. इमारत म्हणजे उलटी उभी केलेली स्प्रिंगच: भार मजल्यांवर आणि छतावर, ताठरता खांबांत व भिंतींत.

हे सांगत असतानाच, बहुधा १९९८ च्या हिवाळ्यात, सास्तूरकडचा एक मुलगा उभा राहिला. वर्गात क्वचितच बोलणारा. त्याने विचारले, "सर, मग आमच्या घराचा झोका किती सेकंदाचा होता?"

त्या घरात त्याची दोन भावंडे गेली होती, हे वर्गाला ठाऊक होते. उत्तर द्यावयास कठीण नव्हते. एकमजली, दगडी, ताठर घर. सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा. भूकंप उथळ उगमाचा असेल आणि गाव उगमाजवळ असेल, तर जमिनीचे हिसकेही असेच जलद असतात. पण एवढे सांगून त्याच्या प्रश्नाचे उत्तर झाले नसते. म्हणून आम्ही त्यालाच फळ्यापाशी बोलावले आणि म्हटले, "ताठरता राहू दे. आधी भार लिही. माळवदावर माती किती होती?"

वसईकडच्या वाचकांसाठी येथे थोडे थांबतो. माळवद म्हणजे मराठवाड्यातील घराचे सपाट मातीचे छत. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. मे महिन्यात बाहेर अंग भाजत असताना ह्या छताखाली गारवा असतो. वर धान्य, मिरच्या, शेवया वाळतात आणि उन्हाळ्याच्या रात्री घरदार वरच झोपते. कमी पावसाच्या, कडक उन्हाच्या मुलुखाला शोभणारी ही रचना आहे. तिला अडाणीपणा म्हणणारे लोक भेटतात, त्यांना मे महिन्यात एक दुपार पत्र्याच्या खोलीत बसवावे. मात्र दर पावसाळ्यापूर्वी छत गळू नये म्हणून त्यावर मातीच्या नव्या पाट्या पडतात, आणि जुनी माती कोणी काढीत नाही. थर फुटाचा होतो, दीड फुटाचा होतो, दोन फुटांचा होतो.

तो मुलगा म्हणाला, "आमच्या माळवदावर तीन पिढ्यांची माती होती, सर." त्याने हाताने दाखविलेली जाडी दोन फूट भरली. खोली दहा फूट बाय दहा. दोन फूट जाडीची माती एका चौरस मीटरवर सुमारे एक टन भरते आणि दहा बाय दहाची खोली सव्वानऊ चौरस मीटरांची. त्याने फळ्यावर 'नऊ टन' लिहिले आणि खडू हातात धरून तो तसाच उभा राहिला. वर्गात कोणी काही बोलले नाही. मागच्या बाकांवरच्या काही मुलांनी आपापल्या घराचे माप वहीत लिहावयास सुरुवात केली होती.

स्प्रिंगच्या नियमाला येथे एक मर्यादा पडते, ती आम्ही त्या मुलांपासून लपविली नाही. वजन ओढून सोडले की ते झोके घेते, कारण त्याला परत आणणारे बल असते. भिंतीत हे बल कोठून यावे? आमच्या भागातील भिंती अडीच-तीन फूट जाडीच्या, दिसावयास किल्ल्यासारख्या. पण दोन्ही अंगांना घडीव दगड आणि पोटात दगडगोटे व माती, अशी ती दोन पापुद्र्यांची भिंत. दोन्ही पापुद्र्यांना बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते, सांधणी चिखलाची. जमीन आडवी हिसकली, वरचे नऊ टन जडत्वाने मागे राहिले, पापुद्रे फुगून फाकले आणि पुन्हा जवळ आलेच नाहीत. एवढ्या जाड भिंतीपाशी वजन होते, ताठरतेचा भास होता. परतण्याची शक्ती तेवढी नव्हती. पहिला झोका हाच शेवटचा.

ह्याच गावांत आणखी एक दृश्य पाहावयास मिळाले होते आणि ज्यांनी ते पाहिले ते विसरलेले नाहीत. काही घरांच्या भिंती पूर्ण ढासळल्या, पण आतले लाकडी खांब-तुळयांचे खण उभेच राहिले. लाकूड वाकते आणि परत येते. सुताराने नीट साळलेला सांधा थोडा कुरकुरतो, पण सुटत नाही. अशा खणांखाली निजलेली काही माणसे वाचली. मरण आले ते बाजूने आत कोसळलेल्या दगडांनी. त्या मुलाच्या शेजारच्या घरात असेच झाले होते. दोन घरांची एकच गल्ली, एकच धक्का. आणि त्याच्या आईने पाच वर्षे त्याचे कारण दैवात शोधले होते. आम्ही तिला कधी भेटलो नाही. मुलाने घरी जाऊन काय सांगितले, हेही विचारले नाही.

भूकंपानंतर सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली आणि इतर गावांतील घरांच्या दुरुस्तीसाठी व मजबुतीसाठी साहाय्य देण्यात आले. माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड बसविणे, खांब आणि तुळई ह्यांच्या कोपऱ्यात तिरपे आधार ठोकणे, नव्या बांधकामात चारही भिंतींना कमरपट्ट्यासारखा काँक्रीटचा पट्टा घालणे. गवंड्यांना शिकविलेल्या ह्या गोष्टी सूत्राच्या भाषेत मांडल्या तर दोनच आहेत. वरचे कमी करा. खालच्याला परत येण्याची शक्ती द्या. भूकंपाच्या सरकारी नकाशात हा भाग १९९३ मध्ये सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. वास्तविक १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारीच्या आसपास धक्के जाणवून गेले होते. २००२ च्या सुधारणेत तो पहिला विभागच रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्यात गेला.

पुढे आम्ही निवृत्त झालो; पण उमरग्याच्या वाटेने अजून जाणे-येणे होते. पांढऱ्या मातीची माळवदे आता कमी दिसतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-चार मजली काँक्रीटच्या इमारती झाल्या आहेत. खाली दुकानांचे गाळे, समोर नुसती शटरे, आत भिंत म्हणून नाहीच. वर भिंतींनी भरलेली घरे आणि गच्चीवर काळ्या टाक्या. एक हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. वरचे मजले ताठर आणि खालचा मवाळ. ही रचना प्रयोगाच्या टेबलावर मांडली तर सर्व झोका खालच्याच मजल्यात होतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजपासून दूर असलेल्या अहमदाबादेत ज्या इमारती पडल्या, त्यांत अशा खाली मोकळ्या ठेवलेल्या इमारती पुष्कळ होत्या. मातीच्या तीन पिढ्या उतरवून आम्ही त्यांच्या जागी पाणी चढविले, असे कधीकधी वाटते.

फळ्यावर 'नऊ टन' लिहिणारा तो मुलगा स्थापत्याची पदविका घेऊन आता बांधकामाची कामे घेतो. गेल्या वर्षी त्याने एका दुमजली इमारतीचा नकाशा दाखवावयास आणला. खाली सहा गाळे काढावेत अशी मालकाची इच्छा होती. ह्याने पाचच काढले. सहाव्याच्या जागी दोन बाजूंना भरीव काँक्रीटच्या भिंती घेऊन जिना बसविला आणि टाकी गच्चीवरून खाली आणून जमिनीत गाडली. गच्चीवर फक्त दोनशे लिटरची ठेवली. मालकाने आधी काम थांबविले, मग पंधरवड्याने पुन्हा सुरू केले. इमारत आता उभी आहे. सहाव्या गाळ्याचे भाडे किती बुडाले, ह्याचा हिशेब मालक भेटेल त्याला ऐकवीत असतो आणि पंप रोज दोनदा लावावा लागतो म्हणून त्याच्या घरातली मंडळी ह्याच्यावर अजून रागावलेली आहेत.